मोठ्या नेढ्याचा गळ

आमच्या घरात गळाने मासे धरण्याला कुणी मासेमारी म्हणत नसे. ते पोरांचं काम, नाहीतर सुट्टीत वेळ जात नाही अशा मास्तरांचं. बाबा जाळ्याचे. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या तलावात त्यांनी उभी हयात जाळं फेकलं. तलावाच्या पाळीवर कुणी काठी धरून बसलेलं दिसलं की जाता जाता विचारायचे, "काय गुरुजी, पावना येनार हाये का कोनी?" आणि बरोबरचे सगळे हसायचे.

त्याच बाबांसाठी मी ॲरिझोनात, चँडलरच्या घराच्या मागच्या अंगणात, गळाच्या साच्याला कानस मारत बसलो होतो. कशासाठी, ते सांगतो.

आई गेली आणि पुढच्याच वर्षी बाबांना लकवा झाला. उजवी बाजू. पाय सावरला, बोलणं सावरलं, हात अर्धाच परत आला. गावात एकटं कसं ठेवायचं म्हणून मी त्यांना इकडे घेऊन आलो. मी आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. हे मी कुठेही सांगतो आणि सांगताना आवाज खाली घेत नाही. नागपूरला मेकॅनिकल केलं, आता चिप बनवायच्या मशीनची फिक्स्चर डिझाइन करतो. एक वस्तू दुसऱ्या वस्तूत नीट बसत नसेल तर ती बसवून देणं, हे माझं पोट भरायचं काम आहे. त्यामुळे बाबांना इकडे आणताना मला फारशी काळजी वाटली नव्हती. इथले डॉक्टर, इथली थेरपी, घरात वेगळी खोली, एसी. बसतील व्यवस्थित, असं वाटलं.

ते बसले. सोफ्यावर. मी आणि बायको सकाळी ऑफिसला निघायचो तेव्हा जसे बसलेले असायचे, तसेच संध्याकाळी. थेरपिस्ट बाई यायच्या, त्यांनी लाकडी खुंट्या आणि भोकांची पाटी दिली होती. या भोकातली खुंटी त्या भोकात घालायची. बाबांनी एकदा करून पाहिलं आणि पाटी बाजूला सारली. "मी बालवाडीत हाव का?" म्हणाले. मी त्याचं इंग्रजी केलं नाही. बाईंना आपोआप कळलं.

घरापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर पार्क आहे आणि त्यात तळं आहे. सिटी, म्हणजे इथली नगरपालिका, त्यात मासे सोडते आणि लोक लायसन्स काढून गळ टाकतात. एका शनिवारी बाबांना तिकडे नेलं. पाणी पाहिल्यावर ते कठड्याशी थांबले. मग विचारलं, जाळं कोण टाकतं इथं. मी म्हटलं, जाळं चालत नाही, नियम आहे.

"तलाव कोनाचा?"

"सिटीचा."

"मंग सिटीबी जाळं टाकत नाई?"

"नाही."

"मासोळ्या सोडते, आन् धरत नाई," ते म्हणाले. या देशाबद्दल त्यांचं मत तिथेच कायमचं झालं असावं.

पण पुढच्या शनिवारी बूट घालून तेच आधी दारात उभे. मी काठी घेतली, दोघांची लायसन्स काढली, दुकानातून जिग आणले. जिग म्हणजे गळच, फक्त मानेपाशी शिशाचं डोकं ओतलेला. वजनामुळे लांब जातो आणि खाली बसतो. दोरा अडकवायला त्याच्या टोकाला नेढं असतं, सुईला असतं तसंच. पहिला जिग दुकानातल्या माणसाने काठी विकतानाच बांधून दिला होता. बाबा डाव्या हाताने गळ फेकायला शिकले. काही शनिवार असे गेले की मला वाटायला लागलं, झालं, जमलं. तळव्याएवढे ब्लूगिल नावाचे मासे लागायचे, बाबा त्यांना मासोळी म्हणायला तयार नव्हते. "हे तं मासोळीचं पिल्लू हाये. याले शाळेत घाला," म्हणायचे आणि परत पाण्यात सोडायचे. घरी आल्यावर बायकोला सांगायचे, आज शाळा भरली होती.

मग तो जिग तळाच्या शेवाळात अडकून तुटला. मी डब्यातून दुसरा काढला आणि बांधायला लागलो, तर त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमच्या तलावावर दुसऱ्याने बांधलेलं जाळं घेऊन कुणी पाण्यात उतरत नाही. जाळ्याच्या काठाला शिशाचे मणी बांधायची गाठ ज्याची त्याची असते. बापाकडून पोराकडे जाते, थोडी बदलत जाते, आणि पाळीवर वाळत घातलेलं जाळं कुणाचं ते त्या गाठीवरून ओळखतात. ज्याला स्वतःची गाठ मारता येईना तो म्हातारा झाला. मग त्याने पाळीवर बसून मासळी तोलायची. माझ्या आजोबांनी ज्या दिवशी जाळं बाबांपुढे टाकलं आणि म्हणाले, तूच बांध, त्यानंतर ते पाण्यात उतरले नाहीत. त्यावर कुणी काही बोललंही नाही. तसं असतंच ते.

बाबांनी जिग गुडघ्यावर धरला, डाव्या हाताने दोऱ्याचं टोक ओलं केलं आणि नेढ्यात घालायला गेले. उजव्या हातात जिग थरथरत होता. टोक कधी अलीकडे, कधी पलीकडे. आमच्या मागून लोक कुत्री घेऊन गेले, परत आले. शेवटी त्यांनी जिग माझ्या तळहातावर ठेवला.

"नेढं बारीक हाये याचं," ते म्हणाले.

घरी आलो. पुढच्या शनिवारी ते बूट घालायला उठले नाहीत. त्याच्या पुढच्याही. मी बांधून देतो म्हटलं, तर म्हणाले, तू जा, मासोळ्या पाह्य. दाढी करणंही सोडलं. बायको म्हणाली, "अरे, काहीतरी कर. हे असे विझत चाललेत." मी काय करणार होतो? थेरपिस्ट बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, ज्यात त्यांना रस आहे ते करू दे. ज्यात रस आहे ते एका भोकामुळे अडलं होतं.

साचा बाबांनाच सापडला. आमच्या गल्लीत एका घरी गराज सेल होता. जुने दिवे, टाय, भांडी ड्राइव्हवेवर मांडलेली. बायको कुंड्या बघत होती आणि बाबा तिच्या मागे उभे होते. एका खोक्यातून त्यांनी काहीतरी उचललं आणि डाव्या हाताने वहीसारखं उघडलं. ॲल्युमिनियमचे दोन ठोकळे, एका बाजूला बिजागरी, दुसऱ्या बाजूला लाकडी मुठी. आत थेंबाच्या आकाराचे खळगे आणि प्रत्येक खळग्यातून जाणारी बारीक खाच.

"शिसं वततेत याच्यात," ते म्हणाले. "गळ ठेवायचा आन् वरतून वतायचं."

गावी जाळ्याचे मणी ते असेच ओतायचे, वाळवलेल्या मातीच्या साच्यात. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "घे." अमेरिकेत आल्यापासून त्यांनी मागितलेली ही पहिली वस्तू.

आता मला रस्ता दिसला. दुकानात मोठ्या नेढ्याचे जिग मिळत नव्हते, पण मोठ्या नेढ्याचे नुसते गळ मिळत होते. मोठे गळ आणायचे, या साच्यात घालायचे, शिसं ओतायचं. बाबांना दोरा घालता येईल असा जिग घरीच तयार. मी बायकोला हे सांगितलं तेव्हा मला वाटतं मी हसत होतो. मला सोडवता येईल असा प्रश्न फार दिवसांनी समोर आला होता.

अर्थात गळ बसेना. साचा ज्या गळासाठी बनवलेला, त्याची तार बारीक आणि नेढं मुगाच्या दाण्याहून लहान. माझ्या गळाची तार जाड, नेढं दुप्पट, आणि नेढ्यापाशी तार जिथे काटकोनात वळते तो वाकही थोडा पुढे. साचा मिटला की दोन ठोकळ्यांमध्ये फट राहायची आणि पलीकडचा उजेड दिसायचा. तसंच ओतून पाहिलं तर शिसं त्या फटीतून पसरलं आणि जिगला दोन्ही बाजूंनी पापडासारखे पंख आले. बाबा लांब, वाऱ्याच्या उलट्या बाजूला बसले होते. मी धुराच्या भीतीने त्यांना तिथे बसवलं होतं. तिथून म्हणाले, "उडते का हा?"

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये आम्हाला शिकवलं होतं, दोन भाग नेमके कुठे टेकतात ते बघायचं तर एकाला निळा रंग लावायचा आणि दाबायचं. जिथे डाग उठतो तिथे घासायचं. माझ्याकडे तो रंग नव्हता. देवाजवळचं निरांजन अंगणात आणलं आणि गळ त्याच्या ज्योतीवर धरून काजळी चढवली. गळ साच्यात ठेवायचा, साचा टेबलाला बसवलेल्या व्हाइसच्या जबड्यात आवळायचा, उघडायचा. काळी रेघ उठलेली असायची. तेवढीच घासायची. परत काजळी, परत व्हाइस. बायको म्हणाली, मी देवासाठी तूप आणते आणि तू गळ रंगवतोस. पण तिने निरांजन मागितलं नाही.

तारेची खाच लवकर जमली. नेढ्याचा खळगा जमेना. हातात धरायच्या छोट्या ग्राइंडरने तो मोठा करताना एके ठिकाणी माझा हात जास्त चालला आणि खळगा आणि डोक्याची पोकळी यांच्यामधली भिंत पातळ झाली. पुढच्या ओतीव जिगमध्ये शिसं त्या भिंतीवरून गेलं आणि नेढ्यात भरलं. ज्या भोकासाठी हा सगळा उपद्व्याप, तेच बंद. मी तो जिग बघत बसलो. मग खळग्याच्या कडेला बोथट खिळ्यासारखा पंच ठेवून हातोडीने हलके ठोके मारले. ॲल्युमिनियम मऊ असतं, ठोक्याने सरकतं. सरकून सरकून भिंत परत उभी राहिली. साचा मिटला, उजेड दिसेना. तापवून ओतलं, उघडलं, तर आत जिग होता. डोकं गुळगुळीत, पंख नाहीत, आणि वर नेढं, स्वच्छ, मोठं, आरपार.

गार झाल्यावर तो बाबांच्या हातात दिला. त्यांनी नेढं डोळ्यापुढे धरून त्यातून आकाशाकडे पाहिलं.

"याच्यातून तं बैल जाईन," ते म्हणाले.

आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसलो. दुपारची वेळ, पडदे ओढलेले, बाहेर चँडलरचं ऊन. मी दोरा कापून दिला. त्यांनी टोक ओलं केलं. पहिल्यांदा हुकलं. दुसऱ्यांदा गेलं. आत गेलं आणि पलीकडून बाहेर आलं, आणि त्यांनी ते डाव्या चिमटीत पकडून ओढलं. बायको ओट्याशी उभी होती, तिने लाटणं खाली ठेवलं. मला ओरडावंसं वाटत होतं.

मग बाबांनी दोरा बोटाभोवती घेतला आणि थांबले.

मला वाटलं दमले. त्यांनी वेढा सोडला, परत घेतला. दोऱ्याचं टोक वरून नेलं, मग खालून, आणि परत थांबले. गाठीचं पहिलं वळण झालं की पुढे हात कुठे न्यायचा ते त्यांना सापडत नव्हतं. बोटं थरथरत होती, पण अडचण थरथरण्याची नव्हती. थरथरत्या हाताने त्यांना दोरा घालता आला होता. हे वेगळं होतं. त्यांनी डोळे मिटून करून पाहिलं. मग मान वर केली. त्या दिवसापर्यंत मी त्यांच्या चेहऱ्यावर भीती पाहिली नव्हती, लकव्याच्या दवाखान्यातसुद्धा.

"बाबू," ते म्हणाले, "मंग काय करतेत?"

मला माहीत नव्हतं.

मला माहीत नव्हतं, कारण त्यांनीच मला ते माहीत होऊ दिलं नव्हतं. लहानपणी ते जाळं विणत असताना मी जवळ गेलो की हातातली लाकडी सुई उगारायचे. जाळ्याला हात लावायचा नाही, पुस्तक घे. चुलतभाऊ बाराव्या वर्षी पाण्यात उतरला, मी वसतिगृहावर गेलो. सुट्टीत आलो की बाबा पाळीवर सगळ्यांना सांगायचे, "माह्या पोराले गाठ येत नाई." कौतुकाने सांगायचे. आणि मीही पुढे नागपूरला, पुण्याला, इथेही, लोकांना तेच सांगितलं आहे, तितक्याच कौतुकाने. मला आजही ते चुकलं असं वाटत नाही. त्यांनी मला गाठ शिकवली असती तर मी आज पाळीवर असतो, आणि त्यांना लकवा झाला तेव्हा नागपूरच्या मोठ्या दवाखान्याचा खर्च उचलणारं कुणी नसतं. हे त्यांनाही कळतं. पण त्या टेबलाशी बसून हे सगळं खरं असण्याचा काही उपयोग नव्हता.

मी फोन काढला. बायको म्हणाली, "यूट्यूबवर नाही ती गोष्ट जगात नाही, असं तूच म्हणतोस ना?" यूट्यूबवर गाठी खूप होत्या. एकेक लावून मी फोन बाबांपुढे धरला. ते प्रत्येक गाठ शेवटपर्यंत बघायचे आणि मान हलवायचे. मग गावी चुलतभावाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे पहाट झाली होती आणि तो पाण्यावर निघण्याच्या तयारीत होता. आता तो तयार जाळी आणतो, मणी त्यात आधीच ओवलेले येतात. तरी त्याने सुतळीचा तुकडा घेऊन आपल्या वडलांची, म्हणजे माझ्या काकांची, गाठ मारून दाखवली. सावकाश, दोनदा. बाबा फोनकडे झुकले.

"हे तुह्या बापाची हाये," ते म्हणाले. "माही नाई."

"मोठेबाबा, एकच तं हाये जवळजवळ," तो म्हणाला.

"एक नाई."

त्याने कॅमेरा खुंटीला टांगलेल्या बाबांच्या जुन्या जाळ्यावर नेला, एक मणी जवळून दाखवला. पण गाठ एवढ्या वर्षांच्या पाण्याने आवळून दगड झाली होती. कोणता पदर कुठून कुठे गेला आहे ते कॅमेऱ्यात दिसेना. मी म्हटलं, एक मणी सोडवून बघ ना, उलट्या क्रमाने. त्याने नखाने, मग सुईने प्रयत्न केला. म्हणाला, दादा, ही कापावी लागेल, सुटत नाही. बाबा म्हणाले, कापू नको.

मी विचारलं, तोंडाने सांगा, वळण कसं जातं, मी करतो. त्यांनी प्रयत्न केला. असं घ्यायचं, मग असं, मग ते त्याच्या पोटातून. हात हवेत फिरायचे आणि तिथेच अडायचे. कधी तोंडाने सांगायची वेळच आली नव्हती त्यांच्यावर. साचा असता तर मी काजळी लावून पाहिलं असतं कुठे अडतं आहे.

मी यूट्यूबची एक गाठ मारून दिली. चांगली, घट्ट गाठ. त्यांनी ती ओढून पाहिली, मोठा झटका देऊन पाहिली. सुटली नाही. त्यांनी जिग टेबलावर ठेवला.

"मजबूत हाये," म्हणाले, आणि आपल्या खोलीत गेले.

मला वाटलं, संपलं. आजोबांसारखंच. शनिवारी मी बूट घातले ते सवयीने, एकटाच फेरी मारून येऊ म्हणून. दारात बाबा उभे होते. दाढी केलेली, डाव्या हाताने केलेली, एका गालावर खुंट राहिलेले. शर्टाच्या खिशात जिग होता. माझी गाठ त्यांनी कात्रीने कापून टाकली होती.

तळ्याकाठी मी खुर्ची मांडली, काठी हातात दिली. त्यांनी ती माझ्याकडे परत दिली आणि नुसतं दोऱ्याचं टोक मांडीवर ओढून घेतलं. टोक ओलं केलं, नेढ्यात घातलं. ते आता पहिल्या झटक्यात जातं. मग वेढा घेतला, वरून नेला, थांबले, सोडला. परत घेतला.

मी काठी धरून उभा होतो. काठीचा दोरा पाण्याकडे जायचा तो बाबांच्या मांडीकडे गेलेला. मधूनच मला वाटायचं, आता धरलं, आता जाईल वेढ्याच्या पोटातून. मग बोटं थांबायची. काही सुचवावं तर सुचवणार काय? मी हलायचंही टाळत होतो, न जाणो दोरा ताणला जाईल. ऊन वर आलं. बदकं आली, आमच्याकडे खायला काही नाही हे पाहून गेली.

कुत्रं घेऊन चालणारा एक म्हातारा आमच्या मागे थांबला. त्याने हसून विचारलं, काही लागलं का आज. मी म्हटलं, अजून नाही. त्याने शुभेच्छा दिल्या आणि तो पुढे चालू लागला.

"काय म्हने?" बाबांनी विचारलं, मान खालीच ठेवून.

"विचारत होता, काही लागलं का."

बाबांनी वेढा सोडला आणि टोक पुन्हा ओठांनी ओलं केलं.

"सांग त्याले," ते म्हणाले, "बांधून रायलो."

तो म्हातारा तोवर बराच लांब गेला होता.